भिंतीपलीकडे गेलेली फांदी

औषधाचे हात अजून धुवायचे होते, म्हणून कारभारीआबांनी चिंधी दातांनी फाडली नाही. जुन्या लाल पटक्याचं एक टोक पायाखाली दाबलं, दुसरं मुठीत धरून टर्रकन ओढलं आणि निघालेली पट्टी कढीपत्त्याच्या खोडाला बांधून टाकली. गाठ मारताना त्यांचा कान भिंतीपलीकडे होता. शेजारच्या गौहरच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मागोमाग लाइबाच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर कुणी आलं नाही.

"झालं," ते स्वतःशीच पुटपुटले. "सांगितल्यासारखंच झालं."

सोयगावच्या पुढं त्यांच्या शिवारात तशी रीतच होती. कपाशीवर फवारा मारला की बांधावरच्या झुडपाला चिंधी बांधायची. चिंधी दिसली की बाया त्या रानातली भाजी खुडत नसत, गुराखी गुरं वळवून दुसरीकडं नेत. कुणाच्या दारात जाऊन सांगायची गरज पडत नसे. पण ते झालं गावाकडं. इथं मुकुंदवाडीत, रो-हाउसच्या वीतभर अंगणात, खोडाला बांधलेली चिंधी कोण ओळखणार होतं? आणि बांधली तीही कुठं, तर खाली, आपल्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला. हे आबांना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर त्यांनी गाठ जरा जास्तच आवळली.

मग त्यांनी फवाऱ्याची बाटली राखेनं घासून धुतली, हात साबणानं तीनदा धुतले, आणि सुनेनं आणलेलं निंबाचं तेल जिथं होतं तिथं, कट्ट्यावर, दिसेल असं ठेवून दिलं.

आबांची बायको सरूबाई गेली तेव्हा शिवराजनं बापाला गावी एकटं राहू दिलं नाही. जमीन पुतण्याकडं दिली आणि आबांना शहरात आणलं. पोरगा गुणी, सूनही चांगली, खाण्यापिण्याची ददात नाही. पण माणसाला नुसतं जेवण पुरतं थोडंच! गावात आबांचा शब्द चालायचा. कपाशीवर मावा पडो की बोंडअळी, लोक पान खुडून त्यांच्या ओट्यावर घेऊन यायचे. आबा पान उलटं करून बघायचे, उन्हात धरायचे आणि मग सांगायचे, अमुक औषध, एवढी झाकणं, सकाळच्या वक्ताला. इथं शहरात त्यांना कुणी कशाचंच विचारत नसे. टीव्हीचा रिमोट कुठं आहे, एवढंच काय ते.

विचारायची ती एक गौहर. गौहर म्हणजे शेजारची, शहागंजात कापडाचं दुकान असलेल्या मुख्तारभाईंची बायको. पन्नाशीची, बोलायला मोकळी. दोन्ही घरांच्या मधली भिंत छातीएवढी, आणि आबांच्या कढीपत्त्याची एक फांदी सरळ तिच्या अंगणात उतरलेली. पहिल्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, "भाऊ, दोन पानं तोडली तर चालतील ना?" आबा म्हणाले होते, "तुमच्या अंगणात आली ती फांदी तुमची. इचारायचं काय त्यात!" तेव्हापासून फांदी तिची झाली आणि आबा भाऊ झाले. ताटं भिंतीवरून इकडं यायची, तिकडं जायची. रिकामं ताट परत द्यायचं नाही, हे दोन्ही घरांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

यंदा गौहरची लेक लाइबा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि नेमका त्याच वेळी झाडावर पिठ्या ढेकूण पडला. कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके, पानं चिकट, त्यावर काळी बुरशी. गौहर एक डहाळी घेऊन भिंतीशी आली.

"भाऊ, हे काय हो झालं पानांना? पोरीला सातवा लागलाय, रोज खट्टी दाल मागते. बघाराला बाजारचा कढीपत्ता तिला नक्को, म्हणते वासच येत नाही. तुम्ही तर कपाशीचे डॉक्टर. काही तरी करा ना."

डहाळी हातात घेताना आबांची छाती दोन बोटं फुगली. किती दिवसांनी कुणी पान खुडून त्यांच्यापुढं आणलं होतं! त्यांनी पान उलटं केलं, उन्हात धरलं.

"पिठ्या हाय. घाबरायचं कारण नाय. आठ दिसांत पान असं करून देतो, आरशात बघावं तसं."

मोनालीनं, म्हणजे सुनेनं, लगेच निंबाचं तेल आणलं. साबणाच्या पाण्यात कसं मिसळायचं, संध्याकाळी कसं मारायचं, हे तिनं मोबाईलवर वाचून दाखवलं. पुढं म्हणाली, "आबा, एक सांगून ठेवते. ते गावाकडचं औषध इथं नाही हं आणायचं. खायचं झाड आहे. आणि पलीकडं लाइबा आहे."

"मी काय खुळा हाय का?" आबा म्हणाले.

त्यांनी तेल मारलं. दोन संध्याकाळी मारलं. ढेकूण थोडे कमी झाले, थोडे राहिले. धीर धरला असता तर आणखी चार फवाऱ्यांत काम झालं असतं. पण कपाशीवाल्या माणसाला धीर कुठला! आज मारलं की उद्या अळी खाली पडलेली दिसली पाहिजे. त्यात भिंतीपलीकडून रोज आवाज यायचा, "काय भाऊ, झाली का पानं आरशासारखी?" गौहर थट्टेनं म्हणायची, आबांच्या मात्र जिव्हारी लागायचं. पुतण्याच्या साखरपुड्याला गावी गेले तेव्हा परतताना त्यांनी शेंगांची गोणी आणली, आणि गोणीच्या तळाशी घातली कपाशीच्या जहाल औषधाची, लाल त्रिकोणाची बाटली.

पंधरा लिटरच्या पंपाला किती झाकणं, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. कुंड्यांना पाणी मारायच्या लिटरभराच्या बाटलीला किती, याचा हिशोब त्यांनी कधी केला नव्हता. अंदाजानं ओतलं. अंदाज जरा सढळच पडला.

त्या संध्याकाळी गौहरला हाक मारून सांगायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण गौहर भिंतीशी आली ती मोनालीशी बोलत. दोघी बायका लाइबाच्या पायांवरच्या सुजेबद्दल बोलत राहिल्या आणि आबा दारातून नुसते बघत राहिले. गौहरला सांगावं तर मोनालीला कळणार. मोनालीला कळलं की शिवराजला कळणार, आणि मग पोरगा आवाज न चढवता म्हणणार, "आबा, तुम्हाला सांगितलं होतं ना." आवाज न चढवता बोललेलं त्यांना सोसत नसे. उद्या सांगू, ते मनाशी म्हणाले. चिंधी तर बांधलीच हाय. उद्या काही सांगितलं नाही. परवाही नाही. गौहर कालच बाजारातून भाजी घेऊन आली होती, तिला लगेच पानं कशाला लागतील, असंही त्यांनी स्वतःला समजावलं.

झाड मात्र खरोखर पालटलं. पांढरे पुंजके वाळून गळाले, शेंडे हिरवेगार झाले. आबा सकाळी चहाची बशी घेऊन झाडापाशी उभे राहत आणि कितीही नको म्हटलं तरी त्यांना बरं वाटे.

त्या दिवशी दुपारी शिवराज वाळूजला कंपनीत, मोनाली बँकेत. आबा सावलीत शेंगा फोडत बसले होते. भिंतीवरून हाक आली.

"भाऊ! ताट धरा, गरम आहे."

आबा हात झटकत उठले. स्टीलचं ताट, वर दुसरं ताट झाकण म्हणून पालथं घातलेलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं.

"आणि ही चिंधी कशाला हो बांधली झाडाला?" गौहरनं वाकून खाली पाहिलं. "आत्ताच दिसली. नजर लागू नये म्हणून का?"

सांगायची वेळ असते म्हणतात ती हीच होती. चालून आली होती, समोर उभी होती. आबांनी तोंड उघडलं.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच काही तरी."

"बरं केलं. लागणारच नजर. काय पानं झाली हो! तुमच्या हाताला गुण आहे बघा, भाऊ. तोडताना जीव खुश झाला माझा. मूठभर घातली बघारात." ती हसली. "मला तर आंबट सोसत नाही, छाती जळते. लाइबासाठीच केली आणि तुमच्यासाठी काढली. पोरगी बसलीय जेवायला. दोन वाट्या संपवल्या, तिसरी मागते."

आतून लाइबाचा आवाज आला, "अम्मी, और है क्या?"

"आले, आले! दम तर धर." गौहर पदर सावरत आत गेली.

आबा ताट घेऊन उभे राहिले. ताटाचा चटका बोटांना बसत होता. हाक मारायची होती, एवढंच. गौहरताई, थांबा, तिला खाऊ देऊ नका. चार शब्द. बांधावरून बांधावर दहा शेतांपलीकडं हाक घालणारा माणूस तो. त्या छातीएवढ्या भिंतीवरून त्यांचा आवाज गेला नाही. आधी वाटलं, आता दोन वाट्या तर खाऊन झाल्याच आहेत. मग वाटलं, गौहर काय म्हणेल? आत्ताच तर ती हाताला गुण आहे म्हणाली.

घरात येऊन त्यांनी वरचं ताट उचललं. भाताच्या बाजूला वाटीत खट्टी दाल, चिंचेचा दरवळ, वर तेलात तडतडलेली मिरची, लसूण आणि पानं. पानं भरपूर होती.

हे औषध धुऊन जात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते वर राहत नाही, पानाच्या आत मुरतं. गावात त्यांनीच लोकांना बजावलं होतं, मारल्यावर इतके दिवस भाजीला हात लावायचा नाही म्हणून. तरी ते मनाची समजूत घालत राहिले. शिजलंय की. उकळत्या तेलातून निघालंय. आणि पानं काय कुणी चावून खातं? बाजूलाच काढतात. पण लाइबा पानं बाजूला काढत नाही, चघळून खाते, हेही गौहरनंच त्यांना कौतुकानं सांगितलेलं होतं.

त्यांनी दाल मोरीत ओतली. भातही टाकला. वर दोन तांबे पाणी सोडलं, पानं जाळीत अडकली ती बोटांनी काढून कागदात गुंडाळली. ताट घासलं, फडक्यानं पुसलं, त्यात ओंजळ ओंजळ शेंगा भरल्या आणि भिंतीशी गेले.

गौहरनं ताट घेतलं. "अरे वा, नव्या शेंगा! कशी झाली होती दाल?"

"लई झ्याक," आबा म्हणाले. "बोटं चाटत खाल्ली."

तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघवेना, म्हणून ते लगेच वळले.

दुपार उतरली तसा पलीकडं नळाचा आवाज वाढला. कुणी तरी ओकत होतं. गौहर म्हणत होती, "कुछ नहीं बेटा, सातव्या महिन्यात होतं असं." मग बराच वेळ शांतता. आबा खाटेवर बसून राहिले. मग पुन्हा ओकारीचा आवाज, आणि या वेळी गौहरच्या बोलण्यात ते सहजपण नव्हतं. फाटकाशी रिक्षा थांबली, निघून गेली.

मोनाली बँकेतून आली तीच घाईत. "आबा, लाइबाला दवाखान्यात नेलंय. गौहरकाकूंचा फोन होता. उलट्या थांबत नाहीत, घामानं भिजलीय, तोंडाला सारखं पाणी सुटतंय. डॉक्टर विचारतात काय खाल्लं, तर घरचंच खाल्लं म्हणे. मी जाऊन येते."

तोंडाला पाणी सुटतंय, हे आबांनी ऐकलं. फवाऱ्याच्या हंगामात गावातल्या गड्यांना तसं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. माणूस गाडीत घालायचा आणि सोबत बाटली घ्यायची. बाटली बघितल्याशिवाय डॉक्टरला काही कळत नाही.

ते उठले. न्हाणीच्या माळ्यावर, जुन्या बादलीमागं हात घातला. बाटली काढली आणि तशीच, कशात न गुंडाळता, हातात धरून बाहेर आले.

मोनालीनं बाटलीकडं पाहिलं. मग खिडकीतून झाडाकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"आबा..."

"मागनं बोल काय बोलायचं ते. मला घेऊन चल."

दोघं स्कूटीवर निघाली. जालना रोडवर सगळे सिग्नल जणू त्यांच्यासाठीच लाल होत होते. आबांनी एका हातानं सीटची कडी धरली होती आणि दुसऱ्या हातानं बाटली पोटाशी.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी बाटली घेतली, लेबल वाचलं, आणि दोन प्रश्न विचारले. कधी मारलं आणि किती मारलं. आबांनी दोन्हींची खरी उत्तरं दिली. झाकणांचा आकडा ऐकून बाईंनी एकदा मान वर केली. बाटली घेऊन आत पळाल्या.

आबा भिंतीला टेकून उभे राहिले. मरण यावं तर आत्ता यावं, असं त्यांना वाटलं, आणि मग तेही लाजिरवाणं वाटलं. आतली पोर जगायची का आपण सुटायचं, हे ठरवणारे आपण कोण! ते देवाला मानणारे होते, पण हात जोडायचा धीर झाला नाही.

बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. "बाटली आणलीत म्हणून बरं झालं, नाही तर आम्ही अंधारातच चाचपडत होतो. आता उलट्या थांबल्यात. बाळाचे ठोके नीट आहेत. दोन दिवस ठेवून घेऊ."

मोनाली भिंतीशी मटकन खाली बसली. मुख्तारभाई औषधं आणायला खाली गेले होते. बाकावर गौहर एकटी होती, मांडीवर लाइबाची ओढणी. डोळे रडून सुजलेले. आबा तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. बसायचं धाडस झालं नाही.

"ताई," ते म्हणाले. "मी मारलं होतं. पानांवर. कपाशीचं औषध. निंबाच्या तेलानं जाईना म्हणून... तुम्हाला सांगायचं राहिलं."

गौहर त्यांच्याकडं बघत राहिली. तिला ते कळायला वेळ लागला. आबा शिव्यांची वाट बघत होते. दोन द्याव्यात, चार द्याव्यात, भर दवाखान्यात त्यांचा उद्धार करावा, म्हणजे जरा हलकं वाटलं असतं.

"मीच मागे लागले होते," ती हळूच म्हणाली. "पानं साफ करून द्या, पानं साफ करून द्या. माझ्याच पोरीसाठी केलं तुम्ही." तिनं ओढणीनं डोळे पुसले. "चूक होते, भाऊ. माणसाच्या हातून होते. अल्लानं वाचवली, बस्स झालं."

एवढं मोठं मन पुढ्यात आलं की घ्यायचं कसं, हे आबांना कळेना. ते तसेच उभे राहिले.

तेवढ्यात गौहर एकदम ताठ झाली. तिनं त्यांचं मनगट धरलं.

"या अल्ला! आणि तुम्ही? तुम्ही पण तर खाल्लीय! भाऊ, तुम्हाला घाम किती आलाय बघा. हात थंड पडलेत. तुम्ही असे उभे काय राहिलात?" ती उठलीच. "सिस्टर! ओ सिस्टर! इनको भी देखो जरा, इन्होंने भी वही दाल खाई है. मोनाली, अगं सासऱ्याला धर, ते पडतील."

मोनाली धावत आली. सिस्टर हातातली फाईल टाकून आली आणि तिनं आबांना बाकावर बसवलं. नाडी धरून विचारलं, "बाबा, किती खाल्ली होती तुम्ही? मळमळतंय का?"

तिघी त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. गौहरनं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"मला काय झालं नाय," आबा म्हणाले.

"किती खाल्ली ते सांगा."

"नाय खाल्ली."

सिस्टरनं नाडी सोडली. मोनालीनं मान खाली घातली. आबांना वाटलं, गौहरला ऐकू गेलं नसेल तर बरं, कारण ती अजून तशीच काळजीनं त्यांच्याकडं बघत होती.

"म्हणजे? तुम्ही तर बोटं चाटत..." ती बोलता बोलता थांबली. दुपार तिच्या डोळ्यांसमोरून पुन्हा एकदा गेली असावी, सावकाश, पहिल्यापासून. मनगटावरचा तिचा हात सैल झाला, मग निघून गेला.

"मी ताट दिलं," ती म्हणाली, "तेव्हा ती जेवत होती, भाऊ."